आतून न रंगवलेली पन्हळ

प्रिय ठकू,

तुझा खोकला गेला का? पाठ टेकली की येतो म्हणाली होतीस, तर उशी जरा उंच घेत जा. जावईबापूंचा गुडघा काय म्हणतोय? डॉक्टरांनी दिलेले व्यायाम ते खरंच करतात, की नुसतं केले म्हणून सांगतात? धाकटीचे पुढचे दात आले का? थोरलीच्या चष्म्याचा नंबर वाढला असेल तर तिला रागावू नकोस. डोळे तिने आपल्याकडून उचललेत, पोरीचा काय दोष! मी ठीक आहे. घरही ठीक आहे, म्हणजे रस्त्यावरून पाहिलं तर.

बातमी अशी की तुझ्या दादाने आपल्या छपराच्या पन्हळी रंगवून घेतल्या. हो, त्याच बिडाच्या. दरवर्षी ज्यांच्याकडे बघून तो म्हणायचा, "आई, दे ते भंगारात आणि प्लास्टिकच्या लावून मोकळी हो," त्याच. मागच्या आठवड्यात न सांगता रंगाऱ्याला घेऊन आला आणि फाटकात मान वर करून म्हणाला, "असलं ओतीव काम आता बघायला तरी मिळतं का गं?" मला आधी भरून आलं. मग मात्र मनात पाल चुकचुकली. एवढा पुळका एकाएकी कुठून आला?

तुला माहीत आहे, तुझे बाबा गेल्यावर हे काम मी आपली आपणच शिकले. पहिल्या वर्षी गंजावरच रंग फासला आणि तो कांद्याच्या सालीसारखा निघाला. तेव्हा कुठे अक्कल आली. आधी पाला काढायचा, तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, सांध्यांत लांबीचा लगदा भरायचा, तो वाळला की आतून डांबरी रंगाचे दोन हात. पाणी आतून जातं, तेव्हा पन्हळ आतून जपायची. बाहेरचा रंग आपल्या हौसेचा, उरला तर द्यायचा. दादालाही हे पाठ आहे. लहानपणी डब्यात काठी घालून रंग ढवळायचं काम त्याचंच होतं.

आणि यंदा काय केलं? समोरची पन्हळ बाहेरून अशी काळीभोर चकचकीत की तीत तोंड बघावं. मागची, शेजाऱ्यांच्या भिंतीकडची, तशीच तांबडी. रंगारी जेवायला गेला तेव्हा मी माडीच्या खिडकीतून समोरच्या पन्हळीत हात घालून पाहिलं. आत ओला पाला, आणि बोटं गंजाने लाल. कोपऱ्यावर किल्लीने ठोकलं. बीड धड असलं की कसं खणखणीत वाजतं! हे बद्द वाजलं. भेगेवर नुसती लांबी थापून वर रंग मारलेला. रंगारी आल्यावर विचारलं, तर तो बिचारा चाचरत म्हणाला, "आजी, साहेबांनी सांगितलंय, खालून दिसतं तेवढंच करा." खालून कुणाला दिसायला हवंय, ठकू? मी तर घरात राहते!

मग सगळंच खुपायला लागलं. दादा पलीकडच्या फुटपाथवरून घराचे फोटो काढत होता. रविवारी एक जोडपं घेऊन आला, म्हणे ऑफिसातली माणसं, सहज चहाला. त्या बाईंनी चहा घेतला नाही, पण मागच्या खोलीत ऊन किती वाजता येतं ते विचारलं. मी म्हटलं, "आमच्याकडे ऊन विचारून येत नाही." त्या हसल्या. दादा हसला नाही, बशीकडे बघत बसला. तुझी वहिनीही फोनवर हल्ली फार गोड बोलते. तिच्याकडची एक खोली किती हवेशीर आहे हे मला तीनदा ऐकवून झालंय. कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायला मला छपरावर चढायची गरज नाही. घर विकायला काढलंय, आणि मला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

रंगाऱ्याला मी उद्यापासून पुन्हा बोलावलंय. कोपऱ्याचा तुकडा बदलायचा, मागची पन्हळही खरवडायची आणि सगळं आतून रंगवायचं, माझ्या डोळ्यांदेखत. घर राहिलं तर मला, गेलं तर त्या ऊन विचारणाऱ्या बाईंना. गळकं घर चकचकीत करून मी कुणाच्या माथी मारणार नाही.

पण पत्र त्यासाठी नाही लिहीत. काल दादाने माझी शिडी गाडीत घालून नेली. मी अडवलं तर म्हणाला, "आई, तुला चक्कर येते. जिन्यात पडली होतीस ना?" ठकू, जिन्यातलं ते पडणं मी फक्त तुला सांगितलं होतं, कुणाला बोलू नकोस म्हणून. काळजीपोटी सांगितलं असशील, तर माझा राग नाही. पण त्यापुढचंही तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं आहे का? फोनवर विचारलं तर तू पोरींचं काहीतरी काढून विषय बदलशील, म्हणून कागदावर विचारते. समोर बसून म्हणाला असतात, "आई, आता एकटी राहू नकोस," तर मी भांडले असते, रडले असते, आणि कदाचित आलेही असते. हो असेल तर हो लिही, नाही असेल तर नाही. दादाला न विचारता लिही, आणि लगेच लिही. पोस्टमनची वाट बघत मी खिडकीतच बसणार आहे.

तुझीच,
आई