पिवळी वायर

डिंगोरे, ता. जुन्नर
४ फेब्रुवारी २००७

चि. आरती हिस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. थंडीत आईचे गुडघे धरतात. कांदा यंदा बरा आहे. तुझ्या लग्नाची डीव्हीडी मिळाली. पोच द्यायला उशीर केला.

खरं तर हा कागद मी दुसऱ्याच कामाला घेतला होता.

तुझं लग्न जातीबाहेरचं, म्हणून भाऊकीच्या तोंडाला भिऊन मी आईला लग्नाला येऊ दिलं नाही. तिनं मामाच्या हाती तुला पिवळी साडी धाडली होती, हे मला डीव्हीडी लावताना आईच्याच तोंडून कळलं. माझ्या नकळत धाडली, याचा मला राग आला. तो आधी लिहितो, कारण पुढचं त्यातूनच झालं.

प्लेअर नवा आणला. त्याच्या मागे पिना घालायच्या रंगीत जागा पुष्कळ. टीव्हीला चित्रासाठी एकच, पिवळी. मी वायरचं एक टोक त्या पिवळ्यात घातलं, दुसरं प्लेअरच्या हिरव्यात. आवाज आला. चित्रही आलं, पण करडं.

आई टीव्हीला नाक लावून बसलेली. "गोरक्षा, समदं राखेवाणी का रं? पोरगी पिवळी नेसलीय का?"

"डीव्हीडीच तशी असेल," मी म्हणालो. तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माहितीपुस्तिका वाचली. हिरव्यातून नुसता उजेड-अंधार येतो. रंग शेजारच्या निळ्या-लाल जागांतून येतात. प्लेअरच्या पिवळ्यातून उजेड आणि रंग एकत्र. पिन बोटभर सरकवायची होती. मी सरकवली नाही. आईनं पुन्हा विचारलं तेव्हा म्हणालो, "पांढरी दिसतेय." 'दिसतेय' म्हणालो, 'आहे' म्हणालो नाही, असं डायरीत लिहिलंसुद्धा. वाचून माझी मलाच किळस आली. तरी गप्पच राहिलो.

काल आई म्हणाली, "आरतीला लिही. म्हणावं, साडी मामाकडं परत दे. मायची साडी टाकून पांढरी नेसली. मला आता लेक न्हाई."

मी कागद घेतला. 'चि. आरती' लिहिलं. उठलो, हिरव्यातली पिन काढून प्लेअरच्या पिवळ्यात घातली, डीव्हीडी लावली.

तू अंतरपाटामागे उभी होतीस. पिवळीधमक. पदर दोन्ही मुठींत धरलेला.

 पडद्यावरची नजर न काढता आई म्हणाली, "तुला कवापासनं ठावं व्हतं?"

मी सांगितलं.

"आन मी लेक न्हाई म्हणले, त्ये तू ऐकून घेतलंस."

जेवण झाल्यावर म्हणाली, "लिही तिला, पुढच्या रविवारी येते म्हणून. तू गाडीत बसवून दे. म्होरं येऊ नको."

तेव्हा येत्या रविवारी, ११ तारखेला, नारायणगावहून तिला सकाळच्या नाशिक गाडीत बसवतो. उतरवून घ्यायला स्टँडवर ये. एसटीची पायरी तिला झेपत नाही. परत कधी येणार ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

जावईबापूंना माझा नमस्कार सांगायचा की नाही, ते तू ठरव. खाली नेहमीसारखं 'तुझा दादा' लिहायला गेलो होतो. राहू दिलं.

गोरक्ष