सुकटीपेक्षा बदक बरं

७ एप्रिल
मशीन आलं! अंडी उबवायचं. पांढरंशुभ्र, वर लाल डिजिटल आकडे. कुरियरवाल्याने बॉक्स घामट हातांनी धरला होता. शी! फिनेलने पुसला, मगच घरात घेतला.
आजपासून रोज लिहायचं. उद्या धंदा वाढला की तारखा आठवायला नकोत.
कल्याणची नोकरी सोडली ते बरंच झालं. अख्ख्या ऑफिसला हात पुसायला एक टॉवेल. महिनोन्‌महिने न धुतलेला. पण बायकोला कोण समजावणार? चंद्रकलाची अट अशी, की या मशीनमधून पिल्लं निघाली तर ठीक, नाय तर गुपचूप तिच्या भावाच्या दुकानात बसायचं. भगीरथचं दुकान मुरबाडला. कसलं? सुक्या मासळीचं! सुकट, बोंबील, वाकट्या. पावसाळ्याच्या बेगमीला गर्दी उसळते, त्याला माणूस हवाय म्हणे.
मी? त्या वासात? मेलो तरी जाणार नाही. बदक बरं. दिवसभर आंघोळ करणारा पक्षी.

८ एप्रिल
शेजारच्या बाईजा मावशीकडून बदकाची अंडी आणली. तिची बदकं ओहोळात लोळतात. अंडी दोन बोटांनी उचलली. शिटलेली, चिखलाने लडबडलेली, एकाला पीस चिकटलेलं. आणि हे लोक अशीच उबवतात!
गरम पाणी, भांड्यांचा साबण, तारेची घासणी. एकेक अंडं खसाखसा घासलं. चकाचक! मशीन सुरू.
चंद्रकला म्हणाली, पडवीत कोंबडी खुडूक बसलीय, रिकामी टोपली उबवतेय बिचारी, चार तिच्याखाली घाला की. म्हटलं, त्या पिसवांमध्ये? माझी अंडी? हायजिन हा शब्द या घरात कुणाला माहीतच नाही.

१२ एप्रिल
कोंबडी टोपली सोडत नाही. जवळ गेलं की पिसं फुलवून गुरगुरते. खुडूक मोडायला चंद्रकलाने तिला पाण्यात बुचकळली. उठली, झटकली, परत टोपलीत. मग तिच्या नाकात पीस खुपसलं. नाकात! जेवण गेलं नाही.
संकल्प: पिल्लं निघाली की पहिली ही कोंबडी घराबाहेर.

१५ एप्रिल
दुपारभर लाइट नाही. मशीन गार पडू नये म्हणून कपाटात दिसली ती शाल गुंडाळली. ती लग्नातली होती. चंद्रकला जे बोलली ते इथे लिहीत नाही.

२० एप्रिल
खोलीत अंधार करून अंड्यांमागे टॉर्च धरला. व्हिडिओवाला म्हणतो, लाल शिरा दिसल्या पाहिजेत. मला शिरा दिसल्या नाहीत. आत गच्च काळं. म्हणजे पिल्लू इतकं भरलंय की शिरांना जागाच उरली नाही. व्हिडिओवाल्याची पिल्लं अशक्त असणार.

२५ एप्रिल
घरात वास येतो. आधी कोंबडीवर संशय घेतला. मग मोरीवर. मग चंद्रकलाच्या डाळीवर, आणि संध्याकाळी मला डाळ मिळाली नाही.
मशीनवाल्यांना फोन केला. पोरगी पहिलं काय विचारते, अंडी साबणाने धुतली होती का? साबणाने वरचा थर जातो म्हणे, भोकांतून जंतू आत शिरतात, अंडं कुजतं. म्हटलं, बाई, घाणेरडं अंडं चांगलं आणि स्वच्छ अंडं वाईट? ही कुठली शाळा? फोन ठेवला. वॉरंटी टाळायचे धंदे!

२९ एप्रिल
अंड्यांवर पिवळट थेंब आलेत. चिकट. घाम असणार. एवढ्या उन्हात पिल्लांनाही उकडत असेल.
अगरबत्तीचा अख्खा पुडा लावला. आता वास अगरबत्तीचाही येतो. चंद्रकलाने चूल अंगणात मांडलीय. जेवायला मला आत वाढते, स्वतः बाहेर बसते. मत्सर, दुसरं काय.

५ मे
लिहवत नाही. तरी लिहितो.
आज पिल्लं निघायचा दिवस. भगीरथला मुद्दाम बोलावलं होतं, त्याच्या डोळ्यांदेखत निघावीत म्हणून. आला तोच नाकाला रुमाल लावून. सुकटीत जन्म गेला आणि नाटकं बघा!
सगळ्यात मोठं अंडं उचलून कानाशी धरलं. आतून बारीक आवाज. सूं... पिल्लू! माझं पिल्लू! सगळ्यांना गप्प केलं. आनंदाने माझं तोंड उघडं राहिलं.
आणि फुटलं.
कानात, केसांत, मिशीत. उघड्या तोंडात! हिरवं, काळं, सरबरीत... देवा रे. त्या दणक्याने दुसऱ्या हातातलं अंडं निसटलं, तेही फुटलं. भगीरथ चपला टाकून पळाला. चंद्रकला पदरात तोंड घालून आधी ओकली, मग हसली. मी नुसताच ओकलो.
बाकीची अंडी परसात पुरली. त्या जागेवर कुत्रंही जाईना.

७ मे
साबण, लिंबू, राख, बेसन. मिशी काढली. वास तस्साच. तो भांड्यांचा साबण लावून बघितला. त्याचा वास नाकात गेला नि परत ओकलो.
शांतपणे विचार केला. मासळीच्या धंद्यात शिकल्यासवरलेल्या माणसाची गरज आहे. भगीरथला एकट्याला झेपायचं नाही. मी स्वतःहून जायचं ठरवलंय, कुणाच्या अटीबिटीमुळे नाही. सुकटीचा वास आठवून आज बरं वाटलं.

९ मे
मुरबाडला गेलो. गल्ल्याशेजारी स्टूल दिलं. मनापासून बसलो. बोंबलांच्या गठ्ठ्यात नाक घातलं तेव्हा जरा श्वास आला.
दुपारच्या आत भगीरथने बाजूला घेतलं. मान खाली घालून म्हणाला, भावजी, तुमी घरी जावा. गिऱ्हाईक दारातून परत फिरतंय, दुकानात वास मारतोय म्हणतात.
सुकटीच्या दुकानात! माझा! रिक्षात रडलो. रिक्षावाल्याने विचारलं नाही, तो बाहेर तोंड काढूनच चालवत होता.
घरी आलो तर अंथरूण पडवीत टाकलेलं. कोंबडीच्या टोपलीशेजारी. टेकलो. कोंबडीने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि उठली. पाण्याला, पिसाला न बधलेली कोंबडी तुरुतुरु अंगणात गेली आणि दाणे टिपायला लागली.
चंद्रकला टाळ्या पिटत ओरडली, सुटली गो बाय खुडूक!

१० मे
बाईजा मावशी सकाळीच आली. तिचीही एक कोंबडी खुडूक आहे, काही केल्या उठत नाय. तिच्या टोपलीपाशी थोडा वेळ येऊन बसाल का, विचारत होती. लांबून.
जाईन म्हणतो. काम स्वच्छ आहे.