लिसांद्रोची निलगिरी

आग्वा फ्रिया,
२ मार्च

प्रिय लिसांद्रो,

बरा आहेस ना? खाणीतल्या धुळीने तुझा खोकला बळावलाय असं ऐकलं. तोंडाला फडकं बांधत जा. सात वर्षांनी पत्र लिहितेय आणि सुरुवातच हुकमाने, असं म्हणशील. म्हण बापडा.

वणव्याचं टीव्हीवर पाहिलं असशीलच. तर आधी हे सांगते की आपलं घर शाबूत आहे. आईच्या थडग्यावर राख बसली होती, ती धुऊन काढली. कोंबड्या अकरा वाचल्या. घेवडा होरपळला, बटाटे जमिनीखाली होते म्हणून राहिले. माणूस एकही दगावलं नाही.

दोन वर्षांपूर्वी टेकडीपलीकडचं गाव जळालं, तेव्हापासून आमच्या जिवाला घोर होता. आमच्या चहूबाजूंनीही तीच पाइनची लागवड. गावसमितीची अध्यक्ष मीच, दुसरं कोण करणार! ऑक्टोबरात मिंगाको बोलावला. सगळं गाव करवती, कोयते घेऊन हजर, आणि ज्याच्या कुंपणात काम त्याच्याकडे जेवण, आपल्या रिवाजाप्रमाणे. गावाभोवती तीस मीटरचा पट्टा उघडा करायचा, भिंतीला लाकूडफाटा टेकवायचा नाही, पन्हाळीत पाला ठेवायचा नाही. मी घरोघर फिरून लोकांच्या मानगुटीवर बसले.

क्लोरिंदाच्या घराला लागून सुरूच्या झाडांची रांग होती, आठवते? ती म्हणाली, "अगं, ही माझ्या म्हाताऱ्याने लग्नाच्या वर्षी लावलेली."

"म्हातारा गेला. तुला अजून जगायचंय," मी म्हटलं.

असं तोडून बोलले. तरी झाडं पाडणाऱ्यांनाच तिने कोंबडीचा रस्सा वाढला, वर "मीठ कमी नाही ना रे?" असं विचारलंही.

शेवटी राहिली डोंगराच्या अंगाची पट्टी, म्हणजे तुझ्या वाटणीची निलगिरी. ती तोडली गेली नाही. त्याचं पुढे सांगते.

नऊ फेब्रुवारीला दुपारी तीनच्या सुमारास पूर्वेचा गरम वारा सुटला आणि आग टेकडी उतरली. पाठीवर पंप, हातात ओली पोती, असे सगळे उभे होतो. खरं सांगते, पट्ट्याने काम केलं. तीन बाजूंनी आग उघड्या मातीपर्यंत आली आणि बसली. लोक ओरडायला लागले, "वाचलो रे!" तेवढ्यात चौथ्या बाजूने निलगिरी पेटली. तिची जळती सालपटं वाऱ्यावर उडत थेट क्लोरिंदाच्या छपरात शिरली. वीस पावलांवर तर घर तिचं. ती शिलाई मशीन आणायला आत धावली. बंबवाल्या स्वयंसेवकांचा म्होरक्या एव्हारिस्तो, त्याने दंडाला धरून तिला ओढून काढली. पाण्याचा टँकर पोचेपर्यंत लोखंडी चूल तेवढी उभी होती.

तेव्हापासून क्लोरिंदा माझ्याकडे होती, आईच्या खोलीत. रोज सकाळी कडू माते-चहा पिता पिता तुझा उद्धार करायची. "तुझ्या त्या भावाला चार झाडं जड झाली! मी माझी रांग दिली, आणि हा तिकडे खाणीत बसून नाही म्हणतो!" मी तिच्या पेल्यात गरम पाणी ओतत राहायची. गावाचंही तेच. एव्हारिस्तो परवा दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला, "ईस्टरला येतोय ना तो? माझ्या हातचा पाण्याचा घोट मिळायचा नाही त्याला."

तू बुचकळ्यात पडला असशील. कसली झाडं, कधी नाही म्हटलं मी?

म्हटलंच नाहीस. मी तुला विचारलंच नाही, लिसांद्रो.

आईच्या मातीला आलास तेव्हा मी चारचौघांत म्हणाले होते, "आईसाठी नाही, जमिनीसाठी आलायस." त्यानंतर तुला फोन करून जमिनीचंच विचारायचं, तेही मी? तीनदा नंबर फिरवला आणि वाजायच्या आत ठेवला. मिंगाकोच्या दिवशी एव्हारिस्तो करवत घेऊन तुझ्या कुंपणाशी उभा राहिला. "काय ओदिलियाबाई, भावाला विचारलंत ना?" सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. इतरांची झाडं दमदाटी करून पाडायला लावली, आणि स्वतःच्या भावाला एक फोन केला नाही, हे कसं सांगायचं? मी म्हटलं, "विचारलं. नाही म्हणतो." एवढंच. त्याने करवत खाली ठेवली. दुसऱ्याच्या जमिनीवर त्याच्या मर्जीविरुद्ध कोण जाणार!

वाटलं होतं, हा एक उन्हाळा निघून जाईल.

आज सकाळी क्लोरिंदाला खरं सांगितलं. तिने पेला खाली ठेवला. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "मग माझी झाडं का पाडायला लावलीस गं?" तिने लोकांनी दिलेले कपडे गाठोड्यात बांधले आणि एव्हारिस्तोच्या घरी निघून गेली. मी थांब म्हणायला दारापर्यंत गेले आणि तशीच परत फिरले. लाज वाटते मला, फार लाज वाटते.

रविवारी प्रार्थनेनंतर बैठक आहे. तिथे सगळ्यांसमोर सांगणार आहे आणि अध्यक्षपदही सोडणार आहे. पण तू गावात पाय ठेवशील आणि लोक तोंड फिरवतील, तेव्हा तुला कारण माहीत असावं, म्हणून आजच पत्र टाकतेय. ईस्टरला ये. माझ्याकडे उतरायचं नसेल तर नको उतरूस, पण ये.

आणखी एक. तुझी झाडं वरून जळाली तरी बुंधे जिवंत आहेत. पहिल्या पावसाला फुटवे येतील आणि दोन-तीन उन्हाळ्यांत पुन्हा तोच धोका. क्लोरिंदाचं नवं घर त्याच जागी बांधायचं ठरतंय. म्हणून जे ऑक्टोबरात विचारायला हवं होतं ते आता विचारते: तुझी निलगिरी मुळासकट काढू का? हो म्हण की नाही म्हण, जे म्हणशील ते मी गावाला शब्दाला शब्द सांगेन.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
तुझ्या तोंडी खोटा नकार घालणारी तुझी बहीण,
ओदिलिया