बरणीतला चपटा मासा

बाई, तुम्ही ती बरणी पर्युषणात आणायला नको होतीत. तुम्हाला जाऊनही आता जमाना लोटला, हे पत्र कुठे टाकायचं नाही हेही ठाऊक आहे, पण लिहायला बसले की पहिलं वाक्य हेच येतं. त्याला मी काय करू?

शिंदखेड्याच्या आमच्या वर्गात समुद्र कुणीच पाहिला नव्हता. तुम्ही फळ्यावर त्याचा तळ काढायचात. डोक्यावर दिवा घेऊन फिरणारी मासळी, आणि तिच्या अंगाला चिकटून तिच्यातच विरून जाणारा तिचा इवलासा नवरा. मुली वह्यांआड हसायच्या. "हसू नका गं, त्या अंधारात जोडीदार पुन्हा भेटेल याचा काय भरवसा? म्हणून ही सोय," असं तुम्ही म्हणायचात. मला वेड लावलं ते चपट्या माशानं. पिल्लू असताना त्याचे डोळे दोन बाजूंना, चारचौघा माशांसारखे. मग वाळूवर आडवं पडून जगायची वेळ येते, तसा एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्याशेजारी येतो. पिढ्यानपिढ्या मरत मरत हे जमलं, म्हणालात. त्या दिवशी मी जेवले नव्हते, इतकं ते डोक्यात बसलं.

मला धुळ्याला कॉलेजात सायन्स घ्यायचं होतं. आमचं घर जैनांचं, पुढे किराणा दुकान आणि मागे राहणं. कॉलेजात बेडूक कापतात हे बाबूजींच्या कानावर गेलं आणि विषय संपला. पण तुम्ही हट्टाला पेटलात. "न कापता नुसतं बघूनही शिकता येतं, दाखवते तुझ्या वडिलांना," म्हणालात, आणि धुळ्याहून कुणाकडून तरी बरणी मागून आणलीत.

तो दिवस अजून तसाच आहे. घरात पर्युषणाचे उपास चाललेत, हिरवी भाजीसुद्धा उंबरा ओलांडत नाही. तुम्ही फडक्यात बांधलेली बरणी आईच्या हातात देता. पाहुणी बरणी घेऊन आली म्हणजे लोणचंच, असं समजून आई ती दोन्ही हातांनी घेते आणि चुलीशेजारी नेऊन ठेवते. बाहेर तुम्ही बोलत होतात आणि बाबूजी मान हलवत होते. मी दाराआडून पाहिलं, बाई, ते खरंच मान हलवत होते. तेवढ्यात आत भांडी घासणारीनं बरणी पुसायला फडकं सोडलं. "माय वं, हाऊ ते मासा शे."

आई ओरडतच बाहेर आली. बाबूजींनी आवाज चढवला नाही. हात जोडून म्हणाले, "बाई, तुमचं मन चांगलं आहे. पण पोरीला आता शिक्षण पुरे." आईनं चूल फोडून नवी घातली, आणि दिवाळीनंतर मी लग्न होऊन फैजपूरला आले.

जुळवून घेतो तो टिकतो, असं तुम्ही शिकवलंत. खरंय, टिकले मी. दुकान, पापड, सासूची दुखणी, सगळ्यात माझाही डोळा सरकला. त्या माशाची खालची बाजू, जिला कधी उजेड मिळत नाही, ती पांढरीफटक राहते, हेही तुम्हीच सांगितलं होतंत. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. राग खरा बाबूजींवर धरायचा, पण ते घरचे, त्यांच्यावर धरून मी माहेरी जाणार कशी? म्हणून तुमच्यावर धरला. तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हा मी पापड लाटत होते, आणि लाटतच राहिले.

आज दुपारी नात पुस्तक घेऊन आली. तोच मासा, रंगीत चित्रात. "आजी, याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला कसे गं?" मी म्हटलं, मला नाही माहीत बाळा, जा, खेळ जा.

माहीत होतं, बाई. अजून सगळं पाठ आहे. सांगितलं असतं, तर तिलाही माझ्यासारखी गोडी लागली असती.