पासपोर्ट सोमवारीच निघाला

मु. पो. डोणगाव, ता. मेहकर,
जि. बुलढाणा
रविवार, जेवणानंतर

आदरणीय गुलाबभाऊ,

इंद्रभानचा वाकून नमस्कार. तुमचा उजवा गुडघा कसा आहे ते आधी कळवा. उकिडवं बसून फरशी बसवायची कामं आता तरी दुसऱ्याकडे द्या, तुम्ही नुसती पातळी बघत चला, असं मी निघताना सांगून आलो होतो. तुम्ही ते ऐकलं नसणार याची खात्री असल्यामुळे सोबत तेलाची बाटली पाठवतो आहे. खोलीतल्या बाकीच्या अकरा जणांना नमस्कार, आणि तुमच्या थापीलाही. (ती अजून फडक्यात गुंडाळून उशाखालीच ठेवता ना? चौदा वर्षांत तुम्ही तिला दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. एकदा मी फक्त सिमेंट कालवायला घेतली, तर तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता.) इकडे आई, दीपमाला आणि समीक्षा तिघी मजेत आहेत. मीही मजेत आहे, आणि ही मजा काही साधी नाही, म्हणून कागदावर लिहितो आहे.

फोन केला असता, पण गावाकडचा फोन आला की स्पीकरवर लावायचा हा खोलीचा नियम तुम्हीच केलेला. माझी हकिगत बारा जणांनी एकदम ऐकावी आणि प्रत्येकाने मधेमधे सल्ला द्यावा, एवढी माझी तयारी नाही. आमच्या गावचा दयाराम गवंडी तिकडे पहिल्यांदाच येतो आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो. तुम्ही एकट्यानेच वाचा. बाथरूममध्ये नेऊन वाचा, म्हणजे दयारामलाही वाटेल की मस्कतला गुडघ्याबरोबर पोटाचीही तक्रार असते.

मी गुरुवारच्या विमानाने आलो नाही हे तुम्हाला कळलंच असेल, कारण माझ्या खालच्या बंकवर कोणी तरी ओले टॉवेल वाळत घातले असतील. सुपरवायझरने तुम्हाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी त्याला फोनवर इतकंच म्हणालो की पासपोर्ट मिळत नाही. तो म्हणाला, हरवला का. मी म्हणालो, हरवला नाही, दिसतो आहे, पण मिळत नाही. त्याने फोन ठेवला. त्याची काही चूक नाही. पण माझीही नव्हती, आणि ते पटवण्यासाठी मला सोमवारपासून सुरुवात करावी लागते.

तर गुरुवारी अवस होती. अवसेला घरातून पाऊल बाहेर टाकायचं नाही हा आईचा कायदा. विमान कंपनीला अवस कळत नाही हे मी तिला तीन वेळा समजावलं. शेवटी ती लक्ष्मीकांत गुरुजींकडे गेली. त्यांनी पंचांग बघून सांगितलं की अडचण काहीच नाही, प्रस्थान ठेवा. (तुमच्याकडेही ठेवतात, पण दयारामने चोरून वाचलंच तर त्याच्यासाठी लिहितो: जाण्याच्या दिवशी मुहूर्त नसेल तर आधीच्या चांगल्या मुहूर्तावर प्रवाशाची एखादी वस्तू, सुपारी आणि अक्षता फडक्यात बांधून, जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे माणूस तेव्हाच निघाला असं धरतात. मग खरा निघतो त्या दिवशी त्याने ती वस्तू वाटेत उचलायची आणि पुढे जायचं. तोवर तिला कोणी हलवायचं नाही.) सोमवारी सकाळचा मुहूर्त निघाला. आई म्हणाली, बेबीला भेटून येते, आणि एसटीने दुसरबीडला, म्हणजे थेट तुमच्या घरी, बेबीताई वहिनींकडे जाऊन आली. दुसरबीड आमच्या पश्चिमेला, मुंबईच्या वाटेवरच. मला वाटलं, नेला असेल एखादा रुमाल.

बुधवारी संध्याकाळी माझी ट्रॅव्हल्स होती. सकाळी बॅग भरायला घेतली आणि पासपोर्ट नाही. कपाट पाहिलं, गादी उलटली, समीक्षाचं दप्तर उपसलं, भाजीच्या क्रेटमध्येसुद्धा हात घातला. दीपमाला मळ्यातून मेथीच्या जुड्या घेऊन आली आणि तीही शोधायला लागली. आई ओट्यावर वाती वळत बसली होती. अर्ध्या तासाने तिने शांतपणे विचारलं, "काय शोधून राह्यला रे?" मी म्हणालो, पासपोर्ट. आई म्हणाली, "तो त सोमवारीच निंगाला. तूच मांगं राह्यला."

भाऊ, मी तिला रुमाल का नाही नेलास, असं विचारलं. तिने सांगितलं, "रुमालानं काय होते? रुमाल नसला त तू थांबशील काय? ज्याच्याबिगर माणसाले जाताच येत नाही, तेच ठेवा लागते." दयारामची मोटारसायकल काढली आणि आम्ही दोघं दुसरबीडला आलो, तर तुमच्या दाराला कुलूप. शेजारचे उत्तमराव (तुमच्या ओट्यावर आपली चार्जिंगची गाडी लावतात ते) म्हणाले, "वहिनी कालच अकोल्याले गेल्या. मयुरीच्या पोरीचं बारसं हाय ना आज." लगेच फोन लावला. फोन व्यस्त. दहा मिनिटांनी व्यस्त. एक तासाने व्यस्त. मग तुम्हाला लावला, तर तुमचाही व्यस्त. आता तुम्हाला आठवेल. तुम्ही खोलीत सगळ्यांना गोळा करून नातीचं बारसं बघत होता आणि वहिनी पाळण्यासमोर फोन धरून उभ्या होत्या. तिकडे तुम्ही बारा जण टाळ्या वाजवत होता तेव्हा मी तुमच्याच उंबऱ्यावर बसून तुमच्याच नातीमुळे रडायच्या बेतात होतो. (नाव ओवी ठेवलं हे मला उत्तमरावांनी सांगितलं. फार छान नाव आहे. तेव्हा तसं वाटलं नव्हतं.)

कुलूप तोडावं म्हटलं, तर ते तुम्ही मस्कतहून पाठवलेलं. याला करवत लागत नाही, असं तुम्ही खोलीत सांगायचा. खरं आहे. उत्तमरावांच्या करवतीची दोन पाती गेली आणि कुलपावर एक चरा उमटला, तोही थुंकी लावून पुसल्यावर गेला. मग मी मागच्या खिडकीशी गेलो. गज होते, पण आत दिसत होतं. हळदीकुंकू लावलेलं पिवळं गाठोडं माझ्यापासून चार हातांवर. त्यातून पासपोर्टचा निळा कोपरा डोकावत होता. शेवग्याच्या शेंगा तोडायची आकडी आणली, गजातून घातली आणि मोठ्या धीराने गाठोडं अलगद ओढलं. ते पलीकडे घसरलं आणि मागच्या फटीत पडलं. दयाराम म्हणाला, "आता अजून पुढं गेलं." त्याला तुमच्या खोलीत ठेवताना हे लक्षात असू द्या.

आता ते गाठोडं कशावर ठेवलं होतं ते सांगतो. फरशांच्या खोक्यांवर. तुम्ही सहा वर्षांपूर्वी तिकडून पाठवलेली, फिक्या निळ्या रंगाची, छत्तीस खोकी. मीच ती तुमच्याबरोबर टेम्पोत चढवली होती. मी येईन तेव्हा माझ्या हाताने बसवीन, तोवर कोणाला हात लावू देऊ नका, असं तुम्ही बजावलं होतं आणि वहिनींनी तो हुकूम पाळला आहे. खोक्यांची त्यांनी भिंतीलगत रांग केली आहे. एकावर पाण्याचा माठ, एकावर शिलाई मशीन, एकावर मयुरीच्या लग्नातला तुमचा फोटो, म्हणजे फोनच्या पडद्यातला तुम्ही, कोणी तरी छापून दिलेला. आणि खाली, भाऊ, शेणाने सारवलेली भुई. ज्या माणसाने अर्ध्या मस्कतला गुळगुळीत करून सोडलं, त्याच्या घरात चालताना अजून पायाला माती लागते. मी खिडकीचे गज धरून बराच वेळ बघत राहिलो. मला तुमचा राग आला नाही. मला माझ्या घरातल्या भिंती आठवल्या. स्वयंपाकघरातली टाइल्सची एक ओळ मी पुढच्या सुटीत पूर्ण करतो म्हणून चार वर्षं ठेवली आहे.

वहिनींचा फोन तीन वाजता लागला. त्या घाबरल्या आणि तशाच निघते म्हणाल्या, पण अकोल्याहून मेहकर आणि मेहकरहून दुसरबीड म्हणजे तुम्हाला माहीत आहे, पुढची शेवटची गाडी मिळणार नव्हती. मी ओट्यावर बसलो. साडेसहाला माझी ट्रॅव्हल्स समोरच्या रस्त्याने आली. डोणगावला मी चढलो नव्हतो म्हणून ड्रायव्हर शोधत असेल, त्याने मला ओळखून गाडी हळू केली आणि हॉर्न दिला. मी उठून त्याला नमस्कार केला. गाडी पुढे गेली. मला वाटलं होतं आता छाती धडधडेल. त्याऐवजी मला कडकडून भूक लागली. उत्तमरावांच्या घरी पिठलं आणि तीन भाकरी खाल्ल्या, आणि चौथी मागून घेतली. दोन महिन्यांच्या सुटीत मला एकदाही अशी भूक लागली नव्हती, कारण प्रत्येक घासाबरोबर मी उरलेले दिवस मोजत होतो.

घरी परतलो तर दीपमालाने चहा ठेवला. तुम्हाला सांगतो, दरवेळी मी सुटीवर आलो की ती मला फुलांच्या कपात, खाली बशी ठेवून चहा देते. तो पाहुण्यांचा कप आहे. त्या दिवशी तिने मला घरातल्या स्टीलच्या ग्लासात चहा दिला, काठोकाठ, बशी नाही. समीक्षाने तो पाहिला आणि म्हणाली, "बाबा, हा माहा ग्लास हाय." मग आम्ही दोघांनी त्यातच अर्धा अर्धा घेतला. मी इतका सुखी कधी झालो होतो ते आठवत नाही, आणि हे तुम्हाला लिहायला मला लाज वाटत नाही.

पासपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला. वहिनी सकाळच्या पहिल्या गाडीने बारशाचे पेढे घेऊन आल्या, कुलूप उघडलं, खोकी सरकवून गाठोडं काढलं आणि माझ्या हातात दिलं. तेव्हा विमान उडायला दोन तास होते आणि मुंबई साडेचारशे किलोमीटर. कंपनीने सांगितलं आहे की पंधरा दिवसांत स्वतःच्या तिकिटाने आलास तर ये. मी येणार नाही. मेहकरला एका मंगल कार्यालयाच्या फरशीचं काम घेतलं आहे, सोमवारपासून सुरू. ते मोठं नाही, पण संध्याकाळी एसटीने घरी येता येतं. सकाळी दीपमालाला मेथी बाजारात पोचवून पुढे जाईन. माझ्या मनावरचं ओझं उतरलं आहे, भाऊ. अकरा वर्षं ते पाठीवर होतं आणि मला वाटायचं ती माझी पाठच आहे.

माझा बंक दयारामला द्या. त्याला डाव्या कुशीवर झोपायला सांगा, उजवीकडची पट्टी वाकलेली आहे. माझा कुकर आणि गादी त्यालाच असू द्या. वाटेत तो मला सारखा विचारत होता की तिकडे करमतं का. मी त्याला खोटं सांगितलं नाही, पण सगळं खरंही सांगितलं नाही. तेवढं तुम्ही सांभाळून घ्या.

खोलीतल्या सर्वांना यथायोग्य. गुडघ्याला जपा.

तुमचाच धाकटा,
इंद्रभान

ता. क. आईच्या नावाने बोटं मोडू नका. काल ती वांगी चिरत होती तेव्हा मी सहज विचारलं की वहिनी बारशाला जाणार आहेत हे तुला सोमवारी माहीत होतं का. आई म्हणाली, "बेबीनं आवतन त मलेच पह्यलं देलं." आणि चिरत राहिली. लक्ष्मीकांत गुरुजींना मात्र तिने नारळ दिला.

ता. क. दुसरं. पत्र लिहायचं खरं कारण हे. वहिनींना एक फोन करून सांगा की इंद्रभानला फरशी बसवू द्या. रविवारी रविवारी करीन, महिन्याभरात घर पूर्ण होईल. मी त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "त्यायनं हात लावू देऊ नको म्हनलं हाय. त्यायले इचारा." म्हणून विचारतो आहे. तुमच्या हातासारखं काम होणार नाही, पण सांधे सरळ येतील.

ता. क. तिसरं. वरचं दीपमालाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, खोडून टाका. मी खोडत नाही, शाई चांगली आहे, पण ते वाचलंच नाही असं धरा. परवानगी देऊ नका. मी त्या खोक्यांना हात लावणार नाही. त्याऐवजी असं करा: आपल्या खोलीतला राम पुढच्या महिन्यात सुटीवर येतो आहे, त्याच्या हाती तुमची थापी पाठवा. नवी घेऊ नका, नवी तुमच्या हाताला बसत नाही हे साऱ्या कॅम्पला माहीत आहे. आई ती पिवळ्या फडक्यात बांधून वहिनींच्या खोक्यावर ठेवणार आहे. मुहूर्त तिने आजच काढून आणला. उचलायला तुम्हालाच यावं लागेल, दुसऱ्या कोणाला हलवता येत नाही.