खोलचं पाणी

१३ सप्टेंबर, पोळा

तात्याचा बैल आज हौदावर गुडघे टेकून पाणी प्याला. पुढचे दोन्ही पाय दुमडले, मान ताठ तशीच, आणि तोंड पाण्याला लावलं. अंगावर झूल, शिंगांना बेगड. बाया धावल्या. कुंकू, नारळ. तात्या स्वतः हात जोडून उभा. आमच्या पाणी संस्थेचा उपाध्यक्ष, बीए झालेला माणूस!

तोच मला म्हणाला, "आण्णा, दुष्काळ बघून नंदीनं गुडघं टेकलं हो."

राहवलं नाही. मारुतीच्या पायऱ्यांवर चढलो आणि दहा मिनिटं बोललो. बैल भक्ती करत नाही, त्याला मान वाकवता येत नाहीये, ढोरांच्या डॉक्टरला बोलवा. शब्द चांगले आले. पण समोर एकाचीही मान हलली नाही. पटलं नसणार.

१७ सप्टेंबर

मुक्तिदिन. झेंडावंदनानंतर बोललो. तळ्यात पोरं क्रिकेट खेळतात, शेजारची गावं टँकरच्या वाटेला डोळे लावून बसलीत, आणि आपल्या नळाला रोज पाणी. का? मागच्या मोठ्या दुष्काळात आपण कुणाच्या दारी गेलो नाही. सहकारी संस्था काढली, घरटी एक सभासद केला, खडक फोडून खाली गेलो. बारा वर्षं झाली. त्या बोअरचं पाणी एक इंचही हटलेलं नाही.

शेवटी नेहमीप्रमाणे तिथल्याच नळाचा ग्लास भरला, उन्हात धरला, सगळ्यांसमोर प्यालो. गार. स्वच्छ. टाळ्या.

तरी मन लागलं नाही. वीस वर्षं बोलतोय. समोरच्या माना डोलतात त्यावरून कळतं कुठं धार लावायची, कुठं थांबायचं. आज दोन-तीनशे माणसं टाळ्या वाजवत होती, डोळे चमकत होते, आणि डोकी जागच्या जागी. रोवलेल्या खुंटांसारखी.

२२ सप्टेंबर

दगडू न्हाव्याकडे.

"आण्णा, मान खाली घ्या."

"घेतली की."

"न्हाई घेतली."

"अरे घेतली बे."

त्यानं समोरचा आरसा तिरका करून दाखवला. मी सरळ समोर बघत होतो. जोर लावला, मानेत कुणीतरी पाचर ठोकावी तसं झालं.

दगडू हसला. "तुमी एकलेच न्हाई. समद्या गावाचं आसंच हाय. बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं तरच मला मागून नीट कापता येतंय."

घरी येऊन दार लावलं आणि हनुवटी छातीला टेकवायचा प्रयत्न केला. चार बोटं उरतात.

२८ सप्टेंबर

शाळेत दातांचं शिबिर. बीडहून एक तरुण डॉक्टरीण आली होती. उद्घाटन माझ्या हस्ते. पोरांना ओळीनं उभं करून ती म्हणाली, "सगळ्यांनी हसा."

सगळी हसली.

मी ही पोरं रोज बघतो. अशी एकत्र हसताना कधी पाहिली नव्हती. प्रत्येकाच्या वरच्या दातांवर एकच तपकिरी पट्टा, एकाच उंचीवर, जणू एकाच हातानं ओढलेला. माझ्या पुतण्याच्या पोराला आहे, तात्याच्या नातीला आहे. बागायतदाराच्या पोराला आहे, शिंप्याच्या पोराला आहे. ओळभर.

मध्येच पाच-सहा तोंडं पांढरी. डॉक्टरीण थबकली. "ही मुलं बाहेरून आलीत का?"

मास्तर म्हणाले, "नाही मॅडम, गावचीच. ऊसतोडीवाल्यांची. आईबापाबरोबर सहा महिने कारखान्यावर असतात."

गयाबाईची दोन्ही लेकरं शेजारी शेजारी उभी होती. सारिका, बारा वर्षांची, बोअर लागला त्याच साली जन्मलेली. आणि धाकटा गणेश. गणेशचे दात पांढरे, नाही म्हणायला दोन-चार खडूसारखे ठिपके. सारिकाचे सगळे तपकिरी. एक आई, एक घर. फरक एवढाच की गणेश आईला सोडत नाही म्हणून दर हंगामाला तिच्याबरोबर जातो. सारिका लहानपणापासून मागे राहिली. आधी आजीपाशी, मग आमच्या हंगामी वसतिगृहात.

मागे कुणी ठेवायला लावली? मी.

"कोयता तुमच्या हातात, पाटी लेकराच्या हातात." दर वर्षी दसऱ्याच्या तोंडावर मी हे वाक्य म्हणतो. पाठ झालंय लोकांना.

डॉक्टरीण जाताना हळूच म्हणाली, "काका, पाणी तपासा. जंतूंसाठी नाही, फ्लोराइडसाठी. आधी दातांवर येतं, मग हाडांत."

२९ सप्टेंबर

बाटली बीडला पाठवली. आपल्याच नळाची, आपल्याच हातानं भरून. चिठ्ठीवर संस्थेचं नाव लिहिताना हात थांबला. फक्त 'नळ' लिहिलं.

एक गोष्ट आज इथं लिहून ठेवतो, कारण सभेत कधी सांगितलेली नाही. बोअरला पाणी लागलं त्या दिवशी गर्दीत एक भूजलवाला होता, सरकारी खात्यातला. सडपातळ, चष्म्याचा, घाबरट. म्हणाला, "फार खोलचं पाणी आहे, एकदा क्षार बघून घेतले तर..." मी त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. वळलो आणि लोकांकडे बघून म्हणालो, "तहानलेल्याला हे साहेब क्षार विचारतात! उपाशी माणसाला उद्या भाकरीचा नकाशा मागतील!"

काय हशा पिकला. तोही बिचारा हसला. पुन्हा आला नाही.

वर्षानुवर्षं जंतू मारायला टीसीएल पावडर टाकली, टाकी धुतली, जंतू तपासले. तो एक शब्द मात्र पुन्हा कुणाच्या तोंडून निघाला नाही. मी जो शब्द हसण्यावारी नेतो, तो या गावात परत कुणी उच्चारत नाही. हे मला भूषण वाटायचं.

५ ऑक्टोबर

सकाळी शेजारची सून येऊन सौ.ची वेणी घालत होती. विचारलं, कावून? स्वतः का नाही घालत?

"हात वर जात न्हाईत माजे."

"कधीपासून?"

"लई दिस झाले. तुमी सभंत होता."

दोघीही हसल्या. सुनेच्या दातांवर काही नाही. माजलगावकडची आहे, लग्न होऊन दोन वर्षं झाली. म्हणजे मी आता माणसांचे दात बघूनच बोलतो. रस्त्यानं जाताना कुणी हसून 'राम राम आण्णा' म्हटलं की उत्तर द्यायच्या आधी नजर तोंडात जाते. देवळात गेलो. आरतीनंतर सगळे नमस्कार करतात, हात जुळतात, पाठी कमरेतून लाकडासारख्या पुढे येतात, माना वर. देवाला नमस्कार करताना सगळे देवाच्या पलीकडच्या भिंतीकडे बघत असतात. किती वर्षं हे माझ्यासमोर चाललंय?

९ ऑक्टोबर

कागद आला. जंतू: नाहीत. फ्लोराइड: मर्यादेच्या बरंच वर. पिण्यास अयोग्य.

डॉक्टरणीला फोन केला. आम्ही वसतिगृहात पाणी उकळून देतो, म्हटलं. ती म्हणाली, "उकळल्यानं ते जात नाही, काका. पाणी आटतं, ते राहतं. उलट वाढतं."

उकळायलाही मीच सांगितलं होतं. भिंतीवर रंगवून घेतलं होतं, मोठ्या अक्षरात.

१० ऑक्टोबर

तात्याला कागद दाखवला. दोनदा वाचला, घडी घालून परत दिला. हा वाकड्या बुद्धीचा माणूस नाही. त्याची नातही त्याच ओळीत होती.

"खरं आसंल. पण तुमी हे सभंत वाचलं तर गाव उद्या काय पिणार, तेवडं सांगा. तळं कोरडं. जुन्या विहिरीत चिखल. टँकरवाला म्हणंल, तुमच्याकडं तर नळ हाय."

"लोकांना ठाऊक तर पाहिजे."

"ठाऊक हून काय करतील? घाबरून पितील. आज हसून पितेत." पुढे म्हणाला, "आण्णा, सभंत आजवर तुमीच सांगितलं, आमी आयकलं. आता तुमीच न्हाई म्हणलात तर लोकांनी कुणाचं खरं मानायचं?"

उत्तर सुचलं नाही असं नाही. सुचलेलं प्रत्येक उत्तर भाषणातलं होतं.

१८ ऑक्टोबर

सभा झाली. सकाळी, शाळेच्या मैदानात. दर वर्षीची, टोळ्या निघायच्या आधीची. ऊसतोडीचे आईबाप एका बाजूला, गावकरी दुसऱ्या. मी उभं राहायचं, पाटीचं वाक्य म्हणायचं, बायांनी डोळे पुसायचे, पोरांची नावं लिहून द्यायची. यादीची कोरी वही मास्तरांच्या हातात तयार होती.

बीडचा कागद खिशात. वाचला असता तर आकडे कुणाला कळले नसते. म्हणून म्हणालो, "आज भाषण नाही. सगळ्यांनी बसल्या जागी हनुवटी छातीला लावा."

हशा. मागून कुणीतरी, "आण्णा, शाळा घेता का काय!"

"लावा."

लावायला लागले.

मी पुष्कळ सभा पाहिल्या. दगड आलेली पाहिली, उठून गेलेली पाहिली. अशी पाहिली नव्हती. डाव्या हाताला ऊसतोडीवाल्यांची डोकी खाली गेली. सगळी नाही, पुष्कळशी. काळे केस, पदर, फेटे. उजव्या हाताला चेहरे तसेच वर राहिले. जोर लावत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, आणि सगळे डोळे माझ्याकडे. कुणालाच नजर खाली घालता येईना. हसू हळूहळू थांबलं. मग डावीकडची डोकी वर आली, त्यांनी उजवीकडे बघितलं, आणि त्यांनाही दिसलं.

मैदानात नळ ठिबकत होता.

मग कागद वाचला. भूजलवाल्याची गोष्टही सांगितली, माझ्या त्या वाक्यासकट. या वेळी कुणी हसलं नाही.

दगडूनं विचारलं, "मग प्यायचं काय, आण्णा?"

मी म्हणालो, शोधू. एवढा एक शब्द. बसलो.

मास्तरांची यादी कोरीच राहिली.

१९ ऑक्टोबर

पहाटे पाचला नळ आला. मी ओट्यावर उभा होतो. वाटलं होतं, निदान आज काही घरं...

सगळ्या घरांतून हंडे बाहेर आले. रोजच्याच रांगा, पण भांडण नाही, बोलणं नाही. भरत होते आणि पाण्याकडे बघत होते. समोरच्या म्हातारीनं हंडा डोक्यावर घेतला, मला म्हणाली, "किती सोच्छ दिसतंय बग रं." दिसतं खरं. गढूळ असतं, वास मारत असतं, तर कुणीही फेकलं असतं.

सौ.नं चहा दिला. आधण कशाचं, विचारलं नाही. प्यालो.

२४ ऑक्टोबर

आज टोळी निघाली. ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या, भांडी, बाजा, कोंबड्या. गयाबाई मला शोधत आली. एका हाताला गणेश, दुसऱ्या हाताला सारिका.

"आण्णा, इतकी सालं तुमी म्हणलात ठेव, मी ठिवली. आता तुमीच सांगा. ठिवू का नेऊ?"

नेली तर उसाच्या फडात, पाचटात, सहा महिने शाळा नाही. आणि पुढच्या वर्षी कुणीतरी तिच्याच हातात कोयता देईल. ठेवली तर इथलं पाणी. मी दोन्ही बाजूंनी तास तास बोलू शकतो.

"ने," म्हणालो.

गयाबाईनं मान हलवली. तिची हलते. सारिकाला दंडाला धरून ट्रॉलीकडे चालू लागली. मुकादम ओरडला, "चला बे, ऊन वर आलं." ती चढली, गणेश चढला. सारिका चढली, बसली, आणि ट्रॅक्टर सुरू झाल्यावर दप्तरासकट खाली उतरली.

"सारे! आगं चढ!"

"म्या न्हाई येणार. माजी सातवी हाय."

"आण्णांनी सांगितलंय की!"

"आण्णा आदी येगळं सांगत हुते."

मग माझ्याकडे वळली, अगदी समजावणीच्या सुरात म्हणाली, "मी थोडं थोडंच पीन, आण्णा."

हसली. मी तोंड फिरवलं.

गयाबाई ट्रॉलीत उभी राहून काहीतरी ओरडत होती, इंजिनाच्या आवाजात कळलं नाही. वळणापर्यंत उभीच होती.

२५ ऑक्टोबर

वसतिगृहात सध्या सारिका एकटी. स्वयंपाकवाल्या बाईंनी सकाळी विचारलं, एका पोरीसाठी चूल पेटवायची का? पेटवा म्हटलं. पाणी उकळू नका म्हटलं. मग कसलं देऊ, त्यांनी विचारलं.

तात्या आला. बोलला नाही फारसं. जाताना म्हणाला, नांदूरघाटच्या रस्त्याला एका पडीक रानात जुनी उथळ विहीर आहे, तिला अजून पाणी आहे म्हणतात. तिकडची माणसं ते पीत नाहीत. कावून पीत नाहीत, ते त्यालाही ठाऊक नाही.

सायकलला दोन कॅन बांधलेत. तपासणीची रिकामी बाटली खिशात. उजाडलं की निघतो. कागद यायला दहा दिवस लागतील, आणि तोवर पोरीला यातलं कुठलं पाणी द्यायचं, ते मलाच ठरवायचं आहे.