राखाडी पॅन्टचं माप

मंगळवार, दुपारी, दुकानातून

धाकट्या, आशीर्वाद.

तिकडच्या थंडीला भिऊन तुझ्याकडून पळाले नाही मी. तू विचारलं नाहीस, तरी सांगून ठेवते. अडतीस वर्षं कपडे शिवतेय, थंडीचं काय करायचं ते मला कळतं. आठ दिवस आधी निघाले ते माझ्या मर्जीनं. विषय संपला.

इथलं म्हणशील तर येऊन तीन आठवडे झाले, डोकं ठिकाणावर नाही. तिकडे दोन महिने काय राहिले, इकडचं सगळं उलटं झालंय. रस्ता ओलांडताना भलत्याच बाजूला बघते. परवा सायकलवाला ओरडला, "आजी, मी इकडून येतोय, तिकडे वाट कुणाची बघताय?" दुकानाच्या दारापुढे नुसतीच उभी राहिले, आपोआप उघडेल म्हणून. आतून दुकानातली बटणवाली, बटणं लावायला ठेवलेली पोरगी, बघत होती. म्हणाली, "मावशी, ढकला. आपलं दार अडाणी आहे." हसली मेली.

म्हणून सिनेमाला जाते. सवय तूच लावलीस. दर बुधवारी न्यायचास, मला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नसताना. तू कानात सांगायचास, मी पडद्याकडे बघायचे. इकडे पहिल्याच दिवशी खिडकीवर "दोन द्या" म्हणाले. दिली त्यानं दोन. डाव्या खुर्चीवर पिशवी ठेवली. शब्दन् शब्द कळत होता, तरी सिनेमा काही कळेना. पडद्यावर कुणी बोललं की माझी मान आपली डावीकडे जायची. पिशवीपलीकडचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला.

गेल्या बुधवारी तो होडीवाला लागला होता. आपण शेवटचा पाहिला तोच, आता आपल्या भाषेत बोलतो. तू मला काय सांगितलं होतंस? म्हातारा पाण्याला कंटाळला, होडी विकून डोंगरात मित्राकडे राहायला चालला. बहिणीनं दिलेला डबा मांडीवर घेऊन हसत बसमध्ये बसतो. मला आवडला होता तो.

धाकट्या, तो मित्राकडे जात नाही. दवाखान्यात जातो. डॉक्टरनं त्याला सुरुवातीलाच सगळं सांगितलेलं असतं. बहिणीला तो त्यातलं काही सांगत नाही.

मी उभी राहिले. मोठ्यानं म्हणाले, "खोटं आहे, असं नव्हतं हे!" मागून कोणीतरी म्हणालं, "आजी, बसा खाली, पडदा दिसू द्या." दुसरा म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं, शेवट बंडलच आहे." सगळे हसले. बसले मी. दुसऱ्या दिवशी परत गेले. म्हटलं, माझंच काही चुकलं असेल. तोच शेवट.

आता तुझी ती राखाडी पॅन्ट. तुझ्याकडे पोचल्या पोचल्या मी शिवली. दोन महिन्यांत ती कमरेवरून घसरायला लागली. हे काय, म्हणून विचारलं तर तू म्हणालास, "ताई, तुझंच माप चुकलं. वय झालं आता." मला असं आजवर कोणी बोललं नव्हतं. टाळकं फिरलं, बॅग भरली. आणि तू थांब म्हणाला नाहीस. मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला.

मापाचा कागद पर्समध्ये सापडला. कमर चौतीस, माझ्याच अक्षरात. काल बटणवालीची कमर मी मोजली, मग तिला स्वतःची मोजायला लावली. आकडा तोच आला. ती म्हणाली, "मावशी, एवढं काय झालंय?" मी म्हटलं, काम कर.

टेप बरोबर आहे. हात बरोबर आहे. मग काय चुकलं, ते मला कळत नाही. म्हणजे कळतंय, पण कळत नाही.

मी चौथी शिकलेली. रिपोर्ट पाठवू नकोस, वाचता येणार नाही. सोबत माझी टेप घातलीय. सकाळी, रिकाम्या पोटी, न आवळता कमर मोज आणि आकडा लिही. 'बरा आहे' असलं काही लिहू नकोस. कानात सांगायचास तसं तर मुळीच नको.

तिकडून आणलेली बॅग अजून सोडलेली नाही. दाराशीच आहे.

डबा देऊन झाल्यावर ती होडीवाल्याची बहीण काय करते, ते तू मला सांगितलंच नव्हतंस. आता मी पाहिलंय. आणि मी तुला सांगणार नाही.

ताई